आईचा पाय दुखत नाही, तरी प्लास्टर का?

ताई, तुमचं पत्र लांब आहे, म्हणून त्यातलं मुख्य तेवढं आधी मांडते. आई ५८ वर्षांच्या, मधुमेह १९ वर्षांचा. लालबागला चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि घरातून पोळ्यांच्या ऑर्डरी करतात, रोज दीडशे-दोनशे. गणपतीच्या तोंडावर डावा पाय सुजला, लाल झाला, हाताला गरम लागायला लागला. जवळच्या डॉक्टरांनी जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, युरिक अॅसिड तपासलं, एक्स-रे काढला. एक्स-रे साफ आला. पाचव्या आठवड्यात तळव्याची कमान सपाट दिसायला लागली, तेव्हा तुम्ही त्यांना मोठ्या रुग्णालयात नेलंत. तिथे 'शार्को फूट', म्हणजे बधिर पायातली हाडं न कळत मोडत जाण्याचा आजार, असं निदान झालं आणि बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत प्लास्टर घातलं, किमान चार महिन्यांसाठी. आई म्हणतात, "मला काही दुखत नाही, मग पांगळ्यासारखी कशाला बसू?" आणि तुम्ही विचारताय, प्लास्टर खरंच लागतं का, घरातल्या घरात चाललं तर चालेल का, पाय कापावा लागेल का, आणि आई पुन्हा पोळ्या करू शकतील का.

प्लास्टर लागतं. घरातलं चालणंसुद्धा मोजकंच. पाय कापायची वेळ बहुतेक येणार नाही, पण ते पुढच्या चार महिन्यांवर बरंचसं ठरेल. आणि पोळ्या त्या करतील, मात्र आजवर करत होत्या तशा उभ्या राहून नाही.

मी गेली २७ वर्षं मधुमेहींचे पाय बघते आहे. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असेल तर "दुखत नाही ना, मग बरं आहे" हा गैरसमज दूर करण्यात. आपल्याकडे दुखणं अंगावर काढायची सवय असते, बायकांना तर फारच. पण आईंनी काहीच अंगावर काढलेलं नाही. त्यांना कळलंच नाही. १९ वर्षांच्या साखरेने पायाच्या नसा इतक्या बोथट झाल्या आहेत की मोडलेलं हाड ओरडतंय आणि ते ऐकणारं कुणी नाही.

हे होतं कसं, ते थोडं समजून घ्या, कारण आईंना पटवायचं काम तुमच्याकडेच येणार आहे. तुमचा-माझा पाय मुरगळला, घोट्याजवळच्या एखाद्या हाडाला बारीक चीर गेली, तर दुसऱ्या दिवशी आपण लंगडतो. लंगडणं हाच उपचार असतो. त्या भागावर भार येत नाही, चार-सहा आठवड्यांत हाड सांधतं. आईंना अशी चीर गेली असेल, कदाचित जिन्यात, कदाचित ओट्याजवळ वळताना, आणि त्या पुढच्या दोनशे पोळ्या करायला उभ्या राहिल्या. चिरेवर चीर, सूज, त्या सुजेमुळे हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर येतो, हाड आणखी मऊ होतं, मऊ हाडावर पुन्हा शरीराचा भार. शिवाय रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसाही मधुमेहात निकामी होतात, त्यामुळे पायात रक्ताचा लोंढा वाहतो. म्हणून पाय लाल आणि गरम. अशा पायाची नाडी बोटाला ठणठणीत लागते आणि वरच्या शिरा टम्म फुगलेल्या दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, रक्तपुरवठा किती छान आहे.

शार्को हे पॅरिसमधल्या एका डॉक्टरांचं नाव. त्यांनी १८६८ साली उपदंशाने (सिफिलिसने) नसा गेलेल्या रुग्णांच्या सांध्यांबद्दल हे पहिल्यांदा नीट लिहिलं. मधुमेहातही असंच होतं, हे १९३६ साली जॉर्डन नावाच्या डॉक्टरांनी दाखवलं. आज जगभर या आजाराचं सगळ्यात मोठं कारण मधुमेहच आहे.

जवळच्या डॉक्टरांवर तुमचा राग आहे, तो मी समजू शकते. पण मी स्वतः इथे चुकले आहे. शिकाऊ डॉक्टर असताना माझ्याकडे गोदीत काम करणारे एक गृहस्थ आले होते. असाच लाल, गरम पाय. मी अँटिबायोटिक दिलं, मग बदललं, मग आणखी भारी दिलं. ते दर सोमवारी स्वतःच्या पायांनी चालत ओपीडीत यायचे आणि ते चालत येतात ही गोष्ट मी कागदावर सुधारणा म्हणून लिहीत होते. सातव्या आठवड्यात त्यांचा तळवा होडीच्या बुडासारखा बाहेर फुगला. त्यांच्या एकेका चालत येण्याने त्यांच्या हाडांचा चुरा होत होता, आणि मी खूश होते. तो पाय अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून आता मी कुठल्याही जुन्या मधुमेहीचा एकच पाय सुजून गरम झाला आणि कुठे जखम नसली, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत त्याला शार्को समजते आणि त्याच दिवशी भार काढते. एक साधी गोष्ट करून बघते. रुग्णाला आडवं करून पाय पाच-दहा मिनिटं उंच धरला, की शार्कोची लाली बरीच उतरते, जंतुसंसर्गाची तशी उतरत नाही. एवढ्यावर निदान होत नाही, पण विचार योग्य दिशेला जातो. पहिला एक्स-रे साफ येणं तर नेहमीचंच. सुरुवातीला हाडाच्या आत सूज असते, बाहेरून आकार शाबूत असतो, ती सूज फक्त एमआरआयमध्ये दिसते. तेव्हा "एक्स-रे साफ होता" याचा अर्थ तेव्हा आजार नव्हता असा नाही.

आता प्लास्टरबद्दल. हे हात मोडल्यावर घालतात तसं प्लास्टर नाही. त्याला टोटल कॉन्टॅक्ट कास्ट म्हणतात. नेहमीच्या प्लास्टरमध्ये आत कापसाचा जाड थर असतो. तो चार दिवसांत दबतो आणि पाय आत हलायला लागतो. बधिर पायाला ते चालत नाही. इथे आधी मोजा चढवतात, बोटांवर फोमची टोपी, घोट्याच्या दोन्ही हाडांवर आणि नडगीवर फेल्टच्या पट्ट्या, कापूस अगदी नावापुरता, आणि मग ओलं प्लास्टर तळहाताने चोळून चोळून पायाच्या प्रत्येक खोलगटाला चिकटवतात. बोटांनी दाबायचं नाही, बोटाचा खड्डा पडला तर आत तिथेच जखम होते. घोटा काटकोनात. आमच्याकडचे प्लास्टरवाले मामा हे करताना कुणाशी बोलत नाहीत, पंख्याखाली घाम गाळत पंधरा मिनिटं नुसते चोळत असतात. एवढ्याचा फायदा असा की भार तळव्याच्या एका बिंदूवर न पडता सगळ्या तळव्यावर आणि पोटरीवर वाटला जातो.

आणि हे परदेशातून आलेलं काही नाही, हे आईंना जरूर सांगा. कुष्ठरुग्णांचेही पाय असेच बधिर असतात. त्यांच्या तळव्यांच्या जखमांसाठी डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला ही पद्धत वापरली, आणि १९६०च्या दशकात ती अमेरिकेत नेली. आपल्या वडाळ्याचं अॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय १८९० सालचं. बधिर पाय कसा सांभाळायचा हे मधुमेहाच्या डॉक्टरांना कुष्ठरोगाची सेवा करणाऱ्यांनी शिकवलं. पुढे मी ज्या एमसीआरच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या, चपलांबद्दल सांगणार आहे, त्यांची परंपराही तिकडचीच.

पहिलं प्लास्टर आठवड्याच्या आत बदलावं लागतं, कारण सूज झपाट्याने उतरते आणि पाय आत सैल होतो. नंतर दर एक-दोन आठवड्यांनी. हे बदलणं टाळू नका. पावसात जाववत नाही, तुमच्या वहिनींना सुट्टी नाही, टॅक्सीचा खर्च होतो, सगळी कारणं खरी आहेत, पण सैल प्लास्टर हे नसलेल्या प्लास्टरपेक्षा वाईट. काढता येणारा बूट मागू नका, घरचे सगळे तोच मागतात. न दुखणाऱ्या पायाचा बूट माणूस रात्री बाथरूमला जाताना घालत नाही. २०२३ साली आलेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही न काढता येणारं, गुडघ्यापर्यंतचं साधन हीच पहिली पसंती आहे. त्याच सूचनांमध्ये आणखी एक गोष्ट आहे: हाडं बळकट करण्याची जी इंजेक्शनं किंवा गोळ्या दिल्या जायच्या, झोलेड्रोनेट वगैरे, ती या आजारात देऊ नयेत. कुणी सुचवलं तर विचारा, कशासाठी. ड जीवनसत्त्व कमी असेल तर ते भरून काढणं वेगळं, ते जरूर करा.

घर. इथे खरी कसोटी आहे. तुम्ही लिहिलंय की संडास गॅलरीच्या टोकाला आणि भारतीय पद्धतीचा. प्लास्टरमध्ये उकिडवं बसता येणार नाही, प्रयत्नही करू देऊ नका. परळच्या रुग्णालयांच्या आसपास घडीची कमोड खुर्ची भाड्याने मिळते, ती आणा. खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावून ठेवा. आईंना याची लाज वाटेल, पहिले आठ दिवस त्या पाणी कमी पितील, म्हणजे जावं लागू नये. त्यावर लक्ष ठेवा. आंघोळ स्टुलावर बसून, डावा पाय दुसऱ्या स्टुलावर मोरीबाहेर, वर प्लास्टिकची पिशवी बांधून. पिशवीवर भरवसा ठेवू नका, प्लास्टर आतून ओलं झालं तर बाहेरून लगेच कळत नाही. ओलं झालेलं प्लास्टर त्याच दिवशी बदलायचं.

जिना हा आणखी एक प्रश्न. कुबड्या देऊ नका. नसा गेलेल्या माणसाला तोल सावरता येत नाही, आणि सगळा भार उजव्या पायावर जातो. तो पायही तितकाच बधिर आहे, तिकडेही हेच सुरू होऊ शकतं. घरात वॉकर. खाली उतरायचं तेव्हा चाळीतली पोरं खुर्चीत बसवून नेतील. माझ्या कितीतरी रुग्णांना गिरगाव-परळच्या चाळींनी असंच नेलं-आणलं आहे, कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही. मागायला संकोचू नका.

किती चालायचं? पलंग ते कमोड, पलंग ते खुर्ची. बाकी वेळ पाय उशीवर. प्लास्टरमध्ये थोडं चालता येतं हे खरं, आणि तुमच्या डॉक्टरांनी काही पावलांची मुभा दिली असेल तर त्यांचंच ऐका. पण आई "थोडं" म्हणजे काय समजतील, ते तुम्हीही जाणता आणि मीही. कणीक तिंबणं आणि लाटणं बसून होतं. पाय समोर स्टुलावर, अर्धा-पाऊण तास, मग आडवं. भाजणं वहिनींनी किंवा एखाद्या मदतनीस बाईने करायचं. ऑर्डरी निम्म्यावर आणा. पूर्ण बंद करा असं मी म्हणणार नाही, कारण बंद केल्यावर माणूस कसा खचतो ते मी पाहिलं आहे, आणि खचलेला माणूस साखरही सांभाळत नाही. आईंचं "पांगळ्यासारखी" हे तुम्हाला रुसवा वाटला असेल, पण पुन्हा वाचून बघा. त्यांना भीती वाटतेय. त्यांच्या पोळ्यांवर घर चाललं आहे, आता आपण कुणाला नको होऊ का, असं आहे ते.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. आईंच्या पायातली वेदना गेली आहे, ती परत येणार नाही. ते काम घरातल्या कुणीतरी हातात घ्यायचं. वेदना करते ते सगळं: रोज सांगायचं, हटकायचं, थांबवायचं. प्लास्टर असेपर्यंत रोज संध्याकाळी वहिनींनी पाहायचं: बोटं बाहेर दिसत असतील तर ती निळी-काळी नाहीत ना, प्लास्टरच्या कडेला कातडी सोलली नाही ना, कुठे डाग झिरपला नाही ना, वास येत नाही ना. आणि उजवा पाय पूर्ण, बोटांच्या बेचक्यांसकट. ताप, थंडी, जांघेत दुखरी गाठ, किंवा खाण्यात बदल नसताना साखर अचानक तीनशेच्या वर, यातलं काहीही झालं तर रात्र काढायची नाही, त्याच वेळी रुग्णालयात. बधिर पायात जखम झाली तर पाय सांगत नाही, कधीकधी आधी ग्लुकोमीटर सांगतो. पोटरी एकाएकी ताठ झाली किंवा धाप लागली, तरी तसंच.

प्लास्टर निघाल्यावर तुम्हाला एक यंत्र लागेल, आणि ते बहुधा घरात असेलच: कोविडच्या काळात घेतलेली कपाळावर धरायची थर्मामीटर गन. ती 'बॉडी' वरून 'सर्फेस' वर करा, नाहीतर ती आकडा स्वतः सुधारून दाखवते. सकाळी आईंना उठल्यावर पंधरा मिनिटं दोन्ही पाय उघडे ठेवून बसवा. मग अंगठ्याखाली, मधल्या बोटाखाली, करंगळीखाली, तळव्याच्या मध्यावर, टाचेवर, आणि पायाच्या वरच्या बाजूला, दोन्ही पायांच्या त्याच-त्याच जागांवर माप घ्या आणि वहीत लिहा. आकडा किती हे महत्त्वाचं नाही, दोन पायांमधला फरक महत्त्वाचा. एकाच जागी चार अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण सव्वादोन सेल्सिअस, फरक दोन दिवस सलग दिसला, की चालणं बंद आणि डॉक्टरांना फोन. प्लास्टर कधी काढायचं हेही आम्ही मुख्यतः यावरूनच ठरवतो. दोन पायांतला फरक दोन अंश सेल्सिअसच्या आत येऊन टिकला, सूज गेली, एक्स-रेमध्ये हाडं सांधताना दिसली, म्हणजे आग विझली. कुणाला तीन महिने लागतात, कुणाला सहा, काहींना वर्षही. चार महिने हा अंदाज आहे, वायदा नाही. तारखेवर बोट ठेवून डॉक्टरांकडे हट्ट धरू नका.

पाय कापण्याबद्दल. शार्को झाला म्हणून पाय कापत नाहीत. कापावा लागतो तो बहुतेक वेळा असा: कमान कोसळते, हाड खाली येतं, त्यावर घट्टा पडतो, घट्ट्याखाली जखम, जखमेतून जंतू हाडात. आईंच्या पायाला आज जखम नाही. ही साखळी पहिल्या कडीलाच तोडता येण्यासारखी आहे, म्हणून मी प्लास्टरसाठी इतकी जीव तोडून सांगते आहे. कमान थोडी बसली आहे, ती परत वर येणार नाही. पण पाय आहे त्या आकारात घट्ट झाला, तळव्याला टोक आलं नाही, तर त्याच पायावर अनेक वर्षं निघतात. हाड टोचत राहिलं किंवा सांधा डळमळीत राहिला, तर पुढे शस्त्रक्रियेचे पर्याय आहेत: उंचवटा तासणं, टाचेमागची घोडशीर लांबवणं, सांधे जोडून पक्के करणं. ते गरम पायावर शक्यतो करत नाहीत.

नंतरचं आयुष्य अनवाणी नाही. हे आपल्या घरांत सांगणं सगळ्यात अवघड जातं. स्वयंपाकघरात चपला कशा घालायच्या, देवघर तिथेच आहे, सासूबाईंनी कधी चालू दिलं नसतं. उपाय साधा आहे: घरातला जोड वेगळा, उंबऱ्याबाहेर कधी न गेलेला, रोज पुसलेला. सोवळं पाळणाऱ्या आजीबाईंनाही मी हे पटवलं आहे. चप्पल अंगठ्याची नको, मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची, आत एमसीआरचा मऊ थर आणि आईंच्याच तळव्याच्या साच्यावर केलेली. हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथल्या कृत्रिम अवयव आणि आधार-साधनांच्या विभागात चौकशी करा. आईंची मंगळवारी अनवाणी सिद्धिविनायकाला जायची सवय तुम्ही लिहिली आहे. ती पाय बरा झाल्यावरही नको. दुपारच्या फरशीने सोललेले तळवे मी पाहिले आहेत, आणि त्यातल्या एका बाईंना ते घरी येऊन घातलेल्या मोज्याला रक्त लागल्यावर कळलं. गरम पाण्यात पाय बुडवणं नको, शेक नको, बाम लावून मालीश नको, कुरुपाला ब्लेड नको, मेडिकलमधली कॉर्न कॅपही नको. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही, ऑर्डर राहिली तरी चालेल.

आणि एक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. जुन्या चाळीत रात्री उंदीर फिरतात. झोपेत बधिर बोट कुरतडलेलं आणि सकाळी चादरीवर रक्त बघून कळलेलं, असे रुग्ण मुंबईत आम्हाला दिसतात. आईंची बोटं प्लास्टरबाहेर उघडी असतील तर त्यांवर मोजा ओढा, उजव्या पायातही मोजा, आणि त्यांना जमिनीवर नको, पलंगावर झोपवा. पोळ्यांच्या पिठाचे हात पाय पुसूनच झोपायचं.

मूत्रपिंडाची आणि डोळ्यांची तपासणी या वर्षी झाली नसेल तर करून घ्या, नसा गेल्या आहेत तिथे ही दोन्हीही तपासावीच लागतात. घरात उरलेल्या वेदनाशामक गोळ्या सुजेसाठी देऊ नका.

पुढच्या वेळी प्लास्टर बदलायला जाल तेव्हा दोन गोष्टी सोबत न्या. एक वही, त्यात त्या दिवशी दोन्ही पायांचं तापमान डॉक्टरांकडून लिहून घ्या, दर वेळी. आणि आईंची उजव्या पायाची चप्पल. प्लास्टरमुळे डावा पाय उंच झाला आहे, त्या चपलेखाली तेवढ्याच जाडीचा तळ लावून घ्यायला सांगा, नाहीतर कंबर वाकडी होते आणि पलंगापासून कमोडपर्यंतच्या चार पावलांतच तोल जातो.